शिकवायला जा, पण स्लॅबचा दिवस मोकळा ठेवा

सांगलीहून एका आर्किटेक्ट वाचकाचं पत्र आलं आहे. मोठं आहे, म्हणून मोजकं देते:

"माझं वय 36. एम.आर्क. झाल्यावर पुण्यात नोकरी केली, लग्नानंतर सांगलीत स्वतःचं ऑफिस टाकलं. मी, एक ज्युनिअर मुलगी आणि एक ड्राफ्ट्समन, एवढाच पसारा. बंगले, दोन दवाखाने, आणि 2019 च्या पुरानंतर जुन्या घरांच्या दुरुस्तीची बरीच कामं केली. काम आहे, पण फी वेळेवर येत नाही. आता कोल्हापूरच्या एका आर्किटेक्चर कॉलेजने पूर्णवेळ सहायक प्राध्यापक म्हणून विचारलंय. सासरे म्हणतात, एक तारखेला पगार जमा होतो, डोळे झाकून घे. ज्यांच्या हाताखाली शिकले ते सर म्हणाले, 'मास्तरीण झालीस की साइट संपली.' पण दोन्ही जमवणारे लोक आहेत ना? ते कसं जमवतात? आणि एक लाजत लिहिते. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा आवाज बसतो. अशा बाईने वर्गात उभं राहावं का?"

नमस्कार,

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. शिकवायला जरूर जा, पण पूर्णवेळ नको, निदान तुमच्या ऑफिसात तुमच्याशिवाय स्लॅब भरून घेणारं माणूस तयार होईपर्यंत तरी नको. आठवड्यातून दोन दिवस, व्हिजिटिंग म्हणजे ठरावीक तासांपुरती शिक्षिका म्हणून, ठरलेले वार सांगून जा.

सासऱ्यांचा मुद्दा पगाराचा आहे आणि तो लवकर आटोपतो, म्हणून आधी तोच घेऊ. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होतं. हे झालं कागदावरचं. विनाअनुदानित कॉलेजात नेमणूकपत्रावर काय लिहिलंय ते वाचा. तिथे "एकत्रित वेतन" असा शब्द असेल तर वरचा आकडा विसरायचा आणि पत्रातला आकडा धरायचा. त्या बदल्यात किती वेळ द्यावा लागेल? विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम अंदाजापुरते बघा: आठवड्याला 40 तास काम, त्यातले 16 तास थेट शिकवणं. उरलेल्या 24 तासांत तयारी आणि तपासणी येते, तशीच प्रवेशप्रक्रिया, परीक्षेची ड्युटी, नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फाइली आणि कौन्सिलची, म्हणजे वास्तुकला परिषदेची, तपासणी आली की रात्री बसून करायची कागदपत्रंही येतात. त्यावर सांगली ते कोल्हापूर जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. संध्याकाळी सातला तुम्ही ऑफिसात पोचाल तेव्हा तुमची ज्युनिअर गाडीला किक मारत असेल.

पैशासाठी शिकवायला जाणं यात कमीपणा काही नाही. एखादा बंगला तीन हप्त्यांत फी देतो आणि तिसरा हप्ता वास्तुशांत होऊन गेली तरी येत नाही, हे मला सांगायला नको. पण फी थकते यावर उपाय फीचे हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधणं हा आहे. बांधकामाची वर्किंग ड्रॉइंग हातात देण्याआधी ठरलेला हप्ता जमा झाला पाहिजे, एवढा एक नियम पाळलात तरी निम्मा घोर जाईल. नोकरीने फी वसूल होत नाही, फक्त तिच्याकडे काणाडोळा करायची सोय होते.

आता सरांचं म्हणणं. ते जरा कडू बोलले, पण त्यात एक खरी गोष्ट आहे. कॉलेजचं वेळापत्रक सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी ठरतं. साइटचं वेळापत्रक मिक्सर, मजूर आणि पाऊस मिळून ठरवतात, तेही आदल्या रात्री. गुरुवारी सकाळी तुमचा स्टुडिओ, म्हणजे डिझाइनचा वर्ग, असतो आणि बुधवारी रात्री नऊला कॉन्ट्रॅक्टरचा फोन येतो, "मॅडम, उद्या स्लॅब टाकतोय, माणसं मिळालीत."

त्या सकाळी साइटवर काय बघायचं असतं ते तुम्हाला माहीत आहे, तरी इतर वाचकांसाठी लिहिते. सळयांखाली त्यांना उचलून धरणारे कव्हर ब्लॉक आहेत की सळई थेट खालच्या प्लायवर टेकली आहे. बाथरूमचा संक, म्हणजे खाली उतरवलेला स्लॅब, बरोबर सोडलाय का. वायरिंगचे पाइप आणि पंख्याचे हुक जागेवर आहेत का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाहेर झुकलेल्या गॅलरीची सळई. तिथे मुख्य सळई वरच्या बाजूला लागते. ती वर धरून ठेवायला खाली चेअर, म्हणजे वाकवलेल्या सळईचे आधार, द्यावे लागतात. घमेली घेऊन माणसं तिच्यावरून ये-जा करतात, चेअर कमी असतील तर सळई पायाखाली दबते आणि खाली बसते. काँक्रीट पडलं की झाकलं. पुढे गॅलरीला भिंतीजवळ तडा जातो तेव्हा कुणाला तो गुरुवार आठवत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर त्यासाठी असतो हे खरं, पण लहान गावात तो एका दिवसात चार स्लॅब बघत फिरत असतो, आणि मालक फोन तुम्हालाच करतो.

म्हणून तुमचा खरा प्रश्न असा: दोन दिवस मी कॉलेजात असताना साइटवर कोण उभं राहणार? उत्तर "कुणीच नाही" असेल, तर त्या दोन वारी स्लॅब भरायचा नाही हे कॉन्ट्रॅक्टरच्या करारात लिहून घ्या. तोंडी सांगून उपयोग नाही. दरम्यान ज्युनिअरला तयार करा. तिला प्रत्येक स्लॅबला सोबत न्या, आधी तिला तपासू द्या, तिची यादी झाली की मग तुम्ही बघा. वर्षभरात ती तुमच्या नजरेतून सुटलेलं काहीतरी दाखवील. पूर्णवेळाचा विचार त्या दिवसानंतर करू.

"दोन्ही जमवणारे लोक आहेत ना," असं तुम्ही विचारलंत. आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. पण त्यांची नावं घेताना त्यांनी ते कसं जमवलं हे आपण विचारत नाही.

मुंबईचे आर्किटेक्ट क्लॉड बॅटली घ्या. 1923 ते 1943 जे.जे. स्कूलमध्ये आर्किटेक्चरचे प्रमुख, आणि त्याच काळात भरभरून व्यवसाय. 1930 मध्ये सुरू झालेलं मुंबई सेंट्रल स्टेशन त्यांचंच. पण त्यांच्या फर्मचं नाव वाचा: ग्रेगसन, बॅटली अँड किंग. फर्मच्या नावातच तीन माणसं आहेत. बॅटली वर्गात असायचे तेव्हा ऑफिसला टाळं नसायचं.

अमेरिकी आर्किटेक्ट लुई कान यांनी 1947 पासून दहा वर्षं येल विद्यापीठात शिकवलं. राहायला आणि ऑफिसला फिलाडेल्फियात, शिकवायला न्यू हेवनला. येलच्या कलादालनाची इमारत त्यांना मिळाली ती तिथे शिकवत असतानाच, आणि 1953 मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीनेच त्यांचं नाव झालं. पुढे 1957 मध्ये त्यांनी आपल्याच गावातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जागा घेतली आणि अखेरपर्यंत तिथेच शिकवलं. 1974 मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनवर ते वारले, तेव्हा ऑफिस कर्जात बुडालेलं होतं. एवढा मोठा माणूस, एवढी मोठी विद्यापीठं, तरी प्राध्यापकीने ऑफिसची तोंडमिळवणी झाली नाही. सासऱ्यांना हे सांगू नका, ते घाबरतील. तुम्ही मात्र लक्षात ठेवा.

बाळकृष्ण दोशी तर जन्माने पुण्याचे, शिकले जे.जे.त. अहमदाबादेत स्वतःचं ऑफिस चालवत असतानाच 1962 मध्ये त्यांनी तिथे आर्किटेक्चरचं स्कूल सुरू केलं, तेच पुढे वाढून सेप्ट विद्यापीठ झालं. आर्किटेक्चरमधलं मानाचं प्रित्झकर पारितोषिक 2018 मध्ये मिळालं तेव्हा ते मिळवणारे ते पहिले भारतीय होते. पण दोशींनी आपलं वेळापत्रक स्वतः आखलं, कारण शाळाच त्यांनी काढली होती. तुमच्या हातात दुसऱ्याने छापलेलं नेमणूकपत्र आहे. हा फरक विसरून त्यांच्याशी तुलना करत बसलात तर उगाच खट्टू व्हाल.

मला तुमच्या जवळचं वाटतं ते उदाहरण अनंत राजे यांचं. मुंबईचा माणूस, जे.जे.मध्ये शिकलेला. फिलाडेल्फियात कान यांच्या ऑफिसात काम करून अहमदाबादला परतले, कान गेल्यावर त्यांनीच आखलेल्या तिथल्या आयआयएमच्या आवारातलं पुढचं काम त्यांनी सांभाळलं, आणि दोशींच्या त्या स्कूलमध्ये वर्षानुवर्षं शिकवलं. वर्ग, ऑफिस आणि मोठी साइट, तिन्ही एकाच शहरात. वर्गात सकाळी जे बोललो ते संध्याकाळी विटेत बघता येत होतं. अंतर हा फार हलका वाटणारा आणि फार जड पडणारा मुद्दा आहे. सांगलीतही आर्किटेक्चरचं कॉलेज आहे, तिथे विचारलंत का? पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून विचारते. कोल्हापूरचं निमंत्रण आलं म्हणून कोल्हापूरलाच गेलं पाहिजे असं नाही, आणि जुलै-ऑगस्टात तो रस्ता किती भरवशाचा असतो हे सांगलीकरांना मी काय सांगावं.

तर तो पूर. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ तीच, आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. तुम्ही पुरात बुडालेली घरं दुरुस्त केलीत. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 45. जुलै 2021 मध्ये पुन्हा पाणी आलं. त्यानंतर तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मालकाने हाच प्रश्न केला असेल, "मॅडम, जोतं किती उचलू?" आणि तुम्ही प्रत्येकाला त्याच्या खिशाकडे बघून वेगळं उत्तर दिलं असेल. जोतं उचललं की पायऱ्या वाढतात, म्हाताऱ्यांची पंचाईत होते, रस्त्याशी नातं तुटतं, शेजाऱ्याच्या अंगणात पाणी वळतं. खालचा मजला मोकळा सोडावा तर गावभागातल्या, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीतल्या, अरुंद घरात तेवढी जागा कुठली? ऑफिसात या प्रश्नाला सवड मिळत नाही, कारण दर वेळी एकच घर समोर असतं आणि त्याला घाई असते.

वर्गात हीच सवड मिळते. चाळीस मुलं, एक सेमिस्टर. बॅटली जे.जे.च्या मुलांना जुन्या इमारतींची मापं घ्यायला लावत, खांबाच्या नक्षीपासून छज्ज्याच्या उतारापर्यंत. तुम्ही तुमच्या मुलांना गावभागात न्या आणि पुराच्या खुणांची मापं घ्यायला लावा. भिंतीवर पाण्याची रेघ कितीवर आहे, जोतं कितीवर, विजेचा बोर्ड कितीवर, देवघर कुठे, धान्याचा डबा पूर आला तेव्हा कुणी कुठे उचलून ठेवला. घराघरातून सेक्शन, म्हणजे घराचा उभा छेद, काढायचा आणि सगळे सेक्शन एका पातळीला जोडून भिंतीवर लावायचे. असा लांबलचक कागद सांगलीच्या कुठल्याही आर्किटेक्टच्या ऑफिसात नसेल. तो मुलांच्या हातून झाला तर पुढच्या घराचं जोतं ठरवताना तुम्ही खिशाकडे बघण्याआधी त्या कागदाकडे बघाल. शिकवण्याने व्यवसायाला काही मिळतं ते असं. ओळखी वाढतात, प्रतिष्ठा मिळते, हे सगळं दुय्यम. मुलांना देण्यासारखं तुमच्याकडे काही असेल तर ते हेच, तुम्हाला न सुटलेलं. सुटलेलं त्यांना पुस्तकात मिळतं.

इथे एक कडक सूचना. तो कागद मुलांचा आहे. तुमच्या एखाद्या कामात तो वापरलात तर मुलांची नावं त्यावर आली पाहिजेत, आणि त्या कामाची फी मिळत असेल तर मुलांना मोबदला मिळाला पाहिजे. "शिकायला मिळतंय ना" म्हणून स्वतःच्या ऑफिसची ड्रॉइंग मुलांकडून रात्रभर फुकट काढून घेणारे शिक्षक आपल्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहेत, मला नावं घ्यायची गरज नाही. ट्रेनिंगच्या सेमिस्टरला तुमच्याच कॉलेजचं एखादं मूल तुमच्या ऑफिसात येऊ बघेल. घ्यायचंच असेल तर स्टायपेंड द्या आणि त्या वर्षी त्याचे गुण दुसऱ्याला देऊ द्या. ज्याचे गुण तुमच्या हातात आहेत तो तुम्हाला "नाही" म्हणू शकत नाही.

दुसरी सूचना पैशाची. आपल्याकडे बहुतेक कॉलेजं शिक्षणसंस्थांची. संस्थेला कधी ना कधी वसतिगृह बांधायचं असतं, वाचनालयाचा मजला चढवायचा असतो. मग एका दुपारी चहाला बोलावणं येतं आणि चेअरमनसाहेब म्हणतात, "मॅडम, आपल्याच घरचं काम आहे, तुम्हीच बघा." कान यांना येलची इमारत मिळाली तशी ही संधी वाटेल. असूही शकते. पण ती नोकरीच्या पत्रात मिसळू देऊ नका. वेगळा करार, वेगळी फी, साइटवर देखरेख कुणाची हे स्पष्ट. कौन्सिलची फीची मोजपट्टी आहे, ती सोबत जोडा, मग बोलणं सोपं जातं. एवढ्यावर संस्था नाराज होत असेल तर काम दुसऱ्या आर्किटेक्टकडे जाऊ द्या. नोकरी आणि इमारत दोन्ही एकाच माणसाच्या मर्जीवर ठेवून रात्री झोप लागत नाही.

तिसरं थोडक्यात. काही ठिकाणी त्यांना तुम्ही नको असता, तुमचा रजिस्ट्रेशन नंबर हवा असतो. तपासणीच्या दिवशी या, सही करा, एरवी नाही आलात तरी चालेल. असं काही कानावर आलं तर तिथूनच नमस्कार करा. आर्किटेक्ट हे नाव 1972 च्या कायद्याने आपल्याला मिळालंय, ते असं भाड्याने द्यायचं नसतं.

मग कॉलेजला काय कळवायचं? स्वतःच्या नावे चार ओळींचं पत्र लिहा. पूर्णवेळ शक्य नाही, व्हिजिटिंग म्हणून आठवड्यातले हे दोन वार देऊ शकते, तिसऱ्या वर्षाचा डिझाइन स्टुडिओ किंवा बांधकामाचा विषय द्यावा. मानधन तासाचं की सत्राचं, आणि केव्हा जमा होणार, तेही विचारा. पुढेमागे पूर्णवेळ घ्यायचं ठरलंच तर एक वाक्य नेमणूकपत्रात लिहून मागा, की स्वतंत्र व्यवसाय चालू ठेवायला संस्थेची परवानगी आहे. ते नाक मुरडतील. तेव्हा नम्रपणे सांगा की वास्तुकला परिषदेच्या 1983 च्या किमान मानकांतच शिक्षकांना व्यवसाय आणि संशोधन करायला उत्तेजन द्यावं असं म्हटलं होतं. आपल्या विषयात प्रॅक्टिस करणारा शिक्षक ही चोरून करायची गोष्ट नाही. मात्र प्राध्यापकपदापर्यंत जायची मनीषा असेल तर पीएच.डी.ही लागू शकते. ती, ऑफिस आणि घर असं तिहेरी ओझं घ्यायचं का, हे आत्ता ठरवायची गरज नाही.

राहिला तुमचा आवाज.

स्टुडिओत भाषण करावं लागत नाही. फळ्यापुढे उभं राहून तासभर बोलायचा विषय वेगळा, तो मागूच नका. स्टुडिओत तुम्ही स्टूल ओढून एका मुलाच्या टेबलाशी बसता आणि दोघं मिळून एका कागदाकडे बघता. साइटवर गवंड्याशी बोलताना तुमचा आवाज बसतो का? नाही ना? मग इथेही बसणार नाही.

मुलं पहिल्या दिवशी मोठमोठे शब्द घेऊन येतील. एकजण संकल्पना सांगेल, नदीचा प्रवाह, माणसाची मुळं वगैरे. ऐकून घ्या, मान हलवा आणि म्हणा, "या जिन्याचा सेक्शन काढ." बहुतेकांच्या प्लॅनमध्ये जिना असतो, सेक्शनमध्ये नसतो. मग तो पायऱ्या मोजायला लागतो. सहा इंची चढ, दहा इंची पाऊल, आणि दहाव्या पायरीवर त्याला दिसतं की वर तुळई आहे आणि खाली डोक्याला जेमतेम साडेपाच फूट उरलेत. तुम्ही काहीच बोलू नका. पेन्सिल त्याच्या हातात राहू द्या. तो आधी तुळई सरकवायचा प्रयत्न करील, मग कळेल की तिच्या खाली खांब आहे, मग जिना फिरवील, मग वरच्या खोलीचं दार उडेल. तासाभराने त्याच्या घराचा प्लॅन बदललेला असेल आणि नदीचा प्रवाह त्याच्या तोंडी पुन्हा येणार नाही. या सगळ्यात तुमची चार वाक्यं खर्च झाली.

जुरीत, म्हणजे मुलं परीक्षकांपुढे काम मांडतात तेव्हा, मात्र बोलावं लागेल. बाहेरून आलेले ज्येष्ठ कधी मुलांना रडवून जातात, त्यांच्यासमोर आवाज बसण्याची भीती वाटणं स्वाभाविक आहे. सुरुवातीला आधी कागदावर तीन मुद्दे लिहा आणि वाचून दाखवा. कुणी हसत नाही. आणि एखाद्या मुलीचा आवाज प्रेझेंटेशन करताना बसला, तर तिला शीट बोर्डावरून काढून टेबलावर पसरायला सांगा आणि परीक्षकांना तिच्याभोवती उभं करा. तिला काय होतंय हे त्या खोलीत तुमच्याइतकं कुणालाच कळणार नाही.

पत्र या आठवड्यात पाठवा. सत्राची वेळापत्रकं एकदा लागली की वार निवडायचा हक्क जातो.